उलट्या तोंडानं बसणाऱ्या गफूरचाचांच्या गावी

"हिंगोलीला? या उन्हात? कुणाचं लग्न आहे का?" निघताना आमच्या गल्लीत प्रत्येकानं हेच विचारलं. कोल्हापूरच्या माणसाला पंचगंगेचा पूल ओलांडला की परमुलूख लागतो, त्यात मराठवाडा म्हणजे फारच झालं. मी खरं कारण सांगितलं तर लोक आणखी काळजीत पडले. "एक बॉम्बफेकी विमान पोचवायला चाललेय," असं मी म्हणाले होते.

विमान म्हणजे चित्र. शाळेत चित्रकला शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धातली विमानं रंगवते. का, याला धड उत्तर नाही. बाकीच्या बायका निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातात, मी बॉम्बर काढते. यातली गंमत अशी, की मी आजवर एकदाही विमानात बसलेली नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी माझे डोळे फिरतात. आमचे हे म्हणतात, "आचारी स्वतःचं जेवत नाही, तशी आमची ही."

या प्रकारची चित्रं विलायतेत आणि अमेरिकेत ढिगानं निघतात. चार इंजिनांची अजस्र विमानं चांदण्यातून घरी परततात, एका पंखातून धूर निघत असतो, खाली शांत शेतं. चित्र बघून छाती भरून येते; पण त्या विमानात सात माणसं होती, हे शोधायला भिंग लागतं. विमानाचा प्रत्येक खिळा जागच्या जागी, आणि माणसं मोहरीएवढी. फार तर पायलटचा चेहरा दिसतो. मागं बंदूक धरून बसलेला गनर म्हणजे काचेमागचा एक ठिपका. मला या गोष्टीचा पहिल्यापासून राग आहे, म्हणून माझ्या चित्रांत मी माणसं मोठी काढते. हा राग या प्रवासात माझ्याच अंगाशी आला.

झालं असं, की हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या मुनीर नावाच्या माणसाचा मोबाइलवर निरोप आला. त्याचं फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्यानं माझी चित्रं कुठंतरी बघितली होती. सोबत एक जुना फोटो: विमानापुढं दोन तरुण हाताची घडी घालून उभे. त्यातला डावीकडचा त्याच्या आईचा बाप, गफूरचाचा. निजामाच्या राज्यातून हवाई दलात गेला आणि ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर 'व्हेंजन्स' नावाच्या विमानात गनर होता. "म्याडम, नानाचं चित्र पायजे. चेहरा साफ दिसला पायजे. अम्मीसाठी हाय. ईदेच्या आत."

व्हेंजन्स! आपल्या हवाई दलाच्या पोरांनी त्या युद्धात उडवलेलं बॉम्बर, आणि त्याची चित्रं कुणी काढत नाही. आत माणसं दोनच: पुढं पायलट, मागं गनर. लक्ष्याच्या वर आलं की हे विमान नाकावर उभं राहून सरळ खाली सूर मारायचं. मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि चार फुटी कॅनव्हास ताणला.

अर्धं तिकीट, पूर्ण विमान

हिंगोलीपर्यंतच्या रेल्वेचं पुराण लावत नाही. चित्र गोधडीत गुंडाळून बर्थवर झोपवलं आणि मी रात्रभर बसून आले, एवढं पुरे. खरी मजा हिंगोलीच्या बसस्टँडवर आली. कंडक्टरनं गोधडीकडं बोट केलं.

"ह्ये काय हाय?"

"विमान."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "खरंखुरं?"

"चित्र आहे. ऑइल पेंटिंग."

"मंग लगेज लागंल. तुमचं अर्धं, बायांना सवलत हाय. इमानाला सवलत न्हाई."

म्हणजे बाई अर्ध्या तिकिटात आणि विमान पूर्ण! अख्खी बस हसली. दोघा-तिघांनी मिळून चित्र शेवटच्या सीटमागं उभं केलं आणि औंढ्यापर्यंत एक आजोबा त्याला हातानं धरून बसले. औंढा आल्यावर उतरताना ते माझ्या कानाशी आले. "बाई, इमानाला हिसका बसू देला न्हाई बरं का." आमच्याकडं मदत करतात, पण आधी चार शब्द सुनावून. इथं सुनावणं नाही, नुसती मदत. मला सवय नसल्यामुळं जरा चुकल्यासारखंच झालं.

औंढ्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद. मी हळद आयुष्यभर डब्यात बघितलेली. इथं ती शिजत होती, वाळत होती, पोत्यांतून सांडत होती, रस्त्याच्या कडेला पिवळे सडे पडले होते. उकडत्या हळदीचा वास बसमध्ये शिरला आणि मला कारण नसताना कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखं वाटायला लागलं. गल्लीतले लोक अगदीच चुकीचं बोलत नव्हते.

शिरड शहापूर

मुनीर फाट्यावर उभा होता. पंचेचाळिशीचा, उंच, हाताला तांब्याच्या तारेचे ओरखडे. चित्र डोक्यावर घेऊन तो पुढं, मी मागं. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. पांढरं धोतर, निळी टोपी.

"जय भीम, बाबा," मुनीर म्हणाला. "नानाचं चित्र आलं."

"कोन्त्या नानाचं? गफूरचाचाचं?" म्हाताऱ्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "ताई, तुमी लई लांबून येऊन राहिल्या, बसा, पानी घ्या. पन खरं सांगू का? चाचा मानूस सोन्याचा. थापा मात्र इमानाएवढ्या. मी धा-बारा वर्सं त्येंच्यासंगं गाडीत बसलो. घोड्याला भेत होते ते. इमानात कुठून बसतात!"

हे भीमराव बाबा. तरुणपणी त्यांची बैलगाडी होती आणि गफूरचाचांचा कापूस ते वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, पोचवायचे. चाचा प्रत्येक खेपेला बरोबर असत.

"पण फोटो आहे की," मी म्हटलं.

"फोटू!" बाबा खुशीत आले. "हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रंत फळीचं इमान ऱ्हायचं. भोकातून तोंड काढायचं अन् फोटू काढायचा. माझा बी हाय तसला. मी काय पायलट हाव?"

मुनीरचा चेहरा उतरला. चालता चालता त्यानं सांगितलं, की गाव सगळं असंच बोलतं. चाचा परत आले ते लढाईचा एक कपडा की बिल्ला न आणता. आईला लहानपणी पोरं 'इमानवाल्याची पोरगी' म्हणून चिडवायची. ती दगड घेऊन मागं लागायची. आता तिचं वय झालंय, दगड सुटले, राग तसाच आहे. बाप गेल्याला कितीतरी वर्षं झाली, पण गावानं एकदा तरी "खरं होतं बाई तुझं" म्हणावं, एवढीच तिची इच्छा. ईदेला शीरखुर्मा प्यायला सगळं गाव तिच्या बैठकीत येतं. तिथं ते चित्र लागलेलं तिला हवं होतं.

शरीफा आपा दारातच उभ्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, डोळ्यांत मिश्कीलपणा. रमजानचे शेवटचे रोजे चालले होते, तरी त्यांनी मला आत पाऊल ठेवायच्या आधी जेवायला बसवलं. घरात सगळे उपाशी आणि माझ्यापुढं गरम खिचडी, तिच्यावर चिंचेचा गारेगार खट्टा, बाजूला शेंगदाण्याचा ठेचा. मी म्हटलं, तुम्ही कुणी खात नाही, मलाही नको. आपा म्हणाल्या, "तुमी मेहमान. तुमी उपाशी ऱ्हायल्या तर आमचा रोजा काय कामाचा? खावा गुमान." मी कोल्हापूरची, तिखटाची मिजास बाळगून ठेच्यावर हात मारला. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आणि तिसऱ्याला कानातून वाफ. आमचा तांबडा रस्सा आधी गर्जना करतो. हा ठेचा शेंगदाण्याआड दडून होता. परवीन, मुनीरची बायको, पदराआड हसत होती.

मग चित्र गोधडीतून सोडवलं.

मला वाटतं ते माझं आजवरचं सगळ्यात देखणं काम होतं. पहाटेचं आभाळ, खाली ब्रह्मदेशातले आराकानचे डोंगर, नाकावर उभं झालेलं हिरवं-तपकिरी विमान. काचेच्या छपराखाली पुढं पायलट. मागं गफूरचाचा, मान वळवून थेट बघणाऱ्याकडं तोंड केलेले, फोटोतला चेहरा हुबेहूब. मुनीर "माशाल्ला" म्हणाला. परवीननं हात जोडले.

आपा जवळ गेल्या, खूप वेळ बघत राहिल्या. त्यांनी चेहऱ्यावरून हवेतच हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "लई गोड काढलं, बेटी. अब्बाच. पन ह्ये बैठकीत लागनार न्हाई."

"काहून, अम्मी?" मुनीर म्हणाला.

"तिथं आपून नमाज पढतो ना, बाबा. चेहऱ्याची तसबीर आपल्या घरात त्या खोलीत लावत न्हाई. तुला ठाऊक न्हाई का?"

मुनीरनं कपाळावर हात मारला. त्याच्या डोक्यात होता चेहरा, आईच्या डोक्यात होती बैठक, आणि दोघं एकमेकांशी न बोलता एका चित्राची वाट बघत होते. फोटोसुद्धा घरात पेटीत होता, भिंतीवर नव्हता. ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आपा मात्र थांबल्या नव्हत्या. "अन् दुसरं सांगू? राग मानू नका. ह्ये जत्रंतल्यावानी दिसून राहिलं. भोकातून तोंड काढल्यावानी. भीमभाऊ बघतील अन् म्हनतील, झालं, आला दसरा."

मला राग आलाच. रेल्वेत रात्रभर जागून आणलेलं चित्र, चार महिन्यांची मेहनत! मी जरा ताठ आवाजात म्हटलं, "आपा, मग तुमचे अब्बा बसायचे तरी कसे?"

"उलटे," आपा म्हणाल्या. "मागं तोंड करून. पायलटच्या पाठीला पाठ."

माझा ताठा तिथंच उतरला. कारण हे मला माहीत होतं. व्हेंजन्सचा गनर शेपटीकडं तोंड करून बसतो, हे माझ्या टेबलावरच्या प्रत्येक आराखड्यात होतं. चेहरा दिसावा म्हणून मीच त्यांची मान मुरगळली होती. गनरला चेहरा द्यायच्या माझ्या हट्टापायी त्यांचं काम मी काढून घेतलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मागचं बघणारा माणूस

त्या संध्याकाळी रोजा सुटला. खजूर, टरबूज, कांद्याची भजी, आणि सगळे जमिनीवर अंथरलेल्या एका दस्तरखानावर. पोटात अन्न गेल्यावर आपांची गाडी सुटली. अब्बा लढाईहून आले ते उलटे बसायची सवय घेऊन आले. बैलगाडीत मागं तोंड करून. ट्रॉलीत तसेच. जुन्या एसटीत ड्रायव्हरच्या जाळीला पाठ लावून बसायची एक सीट असायची. तिच्यावर कुणी बसलं असेल तर अब्बा पुढच्या बसची वाट बघायचे. पोरं त्यांना उलटे चाचा म्हणायची.

"मी इचारलं व्हतं, अब्बा, असं काहून? तर म्हने, म्होरचं बघायला एक मानूस हाय ना. मागचं कोन बघंल?"

"विमानातलं काही सांगायचे?"

"थोडं थोडं. इमान खाली पडायला लागलं, की पायलटला जमीन दिसायची. अब्बाला आभाळ. म्हनायचे, मी आभाळ बघत बघत खाली पडलो, कितीदा तरी. मंग इमान सरळ झालं, की मागं धूर दिसायचा. बाम कुठं पडला, ते पायलटला अब्बानंच सांगायचं."

"धुराखाली माणसं दिसायची का?"

आपांनी टरबुजाची फोड खाली ठेवली. "मी बी ह्येच इचारलं व्हतं एकदा. तर म्हनाले, धूर दिसायचा, बेटा. आन् उठून बैलाला पानी दाखवायला गेले."

मी इतकी वर्षं ही विमानं रंगवते, धूर काढायला मला फार आवडतो. त्या रात्री मला तो आवडणं जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला, की मला उलटं बसून बघायचंय. मुनीरच्या मित्राची ट्रॉली हळद आणायला शेतात चालली होती. मी ट्रॉलीत पुढच्या फळीला पाठ लावून मागं तोंड करून बसले. दृश्य बघण्यासारखं होतं. गाव, कडुनिंब, जैन मंदिराचं शिखर, एकेक करून माझ्यापासून लांब गेलं. कुठं चाललोय ते कळत नाही. कुठून निघालो ते मात्र नजरेसमोरून हलत नाही. खड्डा आला की तो पाठीला आधी कळतो. शेतात पोचेपर्यंत माझी कंबर बोलायला लागली होती, आणि चित्रात काय करायचं ते ठरलं होतं.

शेतात मोठ्या लोखंडी कुकरमधून वाफ निघत होती. उकडलेली हळद बायका जमिनीवर पसरत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, तुमी इमान काढता म्हने? मंग आमचा कुकर बी काढा. त्यो बी उडायला बघतो." मी काढून दिला, वहीतल्या पानावर. ती म्हणाली, "चाकं जरा बारीक झाली." बरोबर होतं तिचं.

गच्चीवरची धांदल

प्रवासात चित्राला खरचटलं तर असावेत म्हणून रंगांची एक पेटी मी जवळ ठेवते. ती उघडली. मुनीरला गच्चीवर पत्र्याच्या डब्यावर माझ्याकडं पाठ करून बसवलं. आपा जिन्यातून सूचना देत होत्या.

"डावा खांदा वर. अजून वर. अब्बाचा खांदा चढलेला व्हता. मान उजवीकडं टाक. तशी न्हाई, कोन मागून येऊन राहिलं ते बघितल्यावानी."

"अम्मी, रोजा हाय, पाठ दुखून राहिली."

"त्येंची दुखली न्हाई का लढाईत? बस गुमान."

हुबेहूब रंगवलेला तो चेहरा मी चिंधीनं पुसला. त्या जागी चामडी टोपीची मागची बाजू, चढलेला डावा खांदा, जाड कपड्यातली वाकलेली पाठ आली. पायलटच्या डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मुखवटा चढवला, काचेवर उन्हाची तिरीप टाकली. आता चित्रात चेहरा कुणाचाच नव्हता. आपा वर आल्या, बघितलं, आणि पदर डोळ्यांना लावला. "ह्ये अब्बा. गाडीत असेच दिसायचे, शाळेतून येताना."

आता प्रश्न वाळायचा. तैलरंग म्हणजे सरकारी काम, आठवडाभर हात लावू देत नाही. पातळ हात दिला होता, बाकी मराठवाड्याच्या उन्हावर सोडलं. परवीन दर थोड्या वेळानं विचारायची, "वाळलं का?" मी म्हणायचे, "पी हळद अन् हो गोरी, असं नसतं ग." तर हळदीनं ते मनावर घेतलं. शेजारच्या अंगणात हळद पॉलिश करायचा ढोल सुरू झाला, वारा फिरला, आणि पिवळ्या धुळीचा एक लोट आमच्या गच्चीवरून गेला. मी ओरडत धावले. उशीर झाला होता. आभाळाचा जो भाग मी काचेवरची तिरीप जुळवताना पुन्हा ओला केला होता, त्यावर हळद बसली होती.

मी कुंचल्यानं झटकायला गेले तर ती आणखी पसरली. मी हताश होऊन मागं सरकले, आणि लांबून बघितलं. पहाट आधी गुलाबी होती, विलायती चित्रांत असते तशी. आता ती धुरकट पिवळी झाली होती, आणि खरं सांगायचं तर बरी झाली होती.

"पण आपा, हळदीचा रंग टिकत नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं. "उजेडात उडून जातो."

"मंग पुढच्या हंगामात परत टाकू," आपा म्हणाल्या. "आपल्या गावात हळदीला काय तोटा?"

उरली एकच आशा: चंद्र एक दिवस उशिरा दिसावा. संध्याकाळी सगळं गाव गच्च्यांवर चढून पश्चिमेकडं बघत होतं, आणि त्यात मी एकटी मनात म्हणत होते, ढग येऊ दे रे देवा. कसले ढग! नखाएवढी कोर लखलखीत दिसली. "चाँद मुबारक!" गल्लीभर आरोळ्या उठल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, परवीन मला येऊन बिलगली. मी तिच्या खांद्यावरून कॅनव्हासला बोट लावून बघितलं. चिकट होतं.

ईद

सकाळी पुरुष ईदगाहवरून नमाज पढून आले तोवर परवीननं आणि मी चित्र बैठकीत टांगलं होतं. ज्या भिंतीकडं तोंड करून नमाज पढतात ती सोडून, दाराच्या शेजारच्या भिंतीवर. जागा आपांनीच निवडली. खाली मी खडूनं पाटीवर लिहून ठेवलं: 'रंग ओला आहे, हात लावू नये.'

माणसं येत गेली. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, दुधात शेवया, खारका, चारोळ्या. मी तीन वाट्या प्याले आणि आमच्या बासुंदीची मनातल्या मनात क्षमा मागितली. लोक चित्र बघायचे, "भारी हाय" म्हणायचे, वाटी रिकामी करून पुढच्या घरी जायचे. एकानं विमानाच्या पंखावरच्या गोलाबद्दल विचारलं, त्यात सिनेमातल्या इंग्रज विमानांसारखा लाल ठिपका का नाही. मी सांगितलं, की जपान्यांच्या विमानावर लाल सूर्य असायचा, गडबडीत आपल्याच माणसानं आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून काढून टाकला होता. त्याला ते फार पटलं. पण 'खरं होतं बाई तुझं' असं कुणी म्हणालं नाही. ज्यांना पाठमोरा माणूस दिसला त्यांच्या लेखी तो कुणीही होता. आपा दारापाशी बसून हसतमुखानं सगळ्यांचं स्वागत करत होत्या आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होत्या. मला वाटायला लागलं, चेहरा पुसला ती चूकच झाली.

दुपारच्या सुमाराला भीमराव बाबा काठी टेकत आले. "ईद मुबारक, शरीफा." वाटी घेऊन ते चित्रासमोरच्या खुर्चीत बसले. पहिला घोट घेतला. वर बघितलं. आणि वाटी तशीच हातात राहिली.

मग काठीनं दाखवत म्हणाले, "ह्यो म्होरचा कोन?"

"पायलट, बाबा," मुनीर म्हणाला.

"अन् ह्यो मागचा..." ते उठले, चित्राजवळ गेले. "ह्यो खांदा. ह्यो चढलेला खांदा चाचाचा. बारा वर्सं माझ्या पाठीला टोचला ह्यो." त्यांचा आवाज बदलला होता. "शरीफा, तुला ठाऊक हाय का, गाडीत चाचा माझ्या पाठीला पाठ लावून बसायचे? मी कासरा धरून म्होरं, ते मागं. म्हनायचे, भीमा, तू म्होरचं बघ, मागचं माझ्याकडं. अन् सारखं चालू: मागून ट्रक येऊन राहिला, डावीकडं घे. येष्टी आली, थांब. आता कोन न्हाई, चल. मला वाटायचं, म्हातारा येडा हाय."

बैठकीतली माणसं वाट्या धरून चित्राजवळ सरकली.

"पाठीला पाठ," बाबा पुन्हा म्हणाले. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजी... म्हंजी ते मला पायलट करून राहिले व्हते! आमी दोघं बारा वर्सं इमान चालवत व्हतो, शरीफा, अन् मला म्हाईतच न्हाई!"

त्यांनी पाटीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तरी थांबले नसते. उजव्या हाताची बोटं त्यांनी चाचांच्या पाठीवर टेकवली, गाडीतल्या माणसाला सरकून बस म्हणताना टेकवतात तशी. मग आपांकडं वळले. "खरं व्हतं बाई चाचाचं. मी मूर्ख. समदं खरं व्हतं."

आपा एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. त्यांनी बाबांची वाटी काढून घेतली आणि भरून परत दिली. मी चौथ्या वाटीसाठी हात पुढं केला. चित्रावर चार बोटांचे ठसे उमटले होते, चढलेल्या खांद्याच्या जरा खाली. ते मी दुरुस्त केले नाहीत. तोवर रंगाची पेटी भरून झाली होती, असं मी सांगते, पण ते काही खरं नाही.

बाबा बाहेर पडले ते थेट कडुनिंबाखाली. खाटेवर बसायची वाट न बघता उभ्या उभ्या सुरू झाले. खिडकीतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"ऐकून राहिले का रे? मी बारा वर्सं पायलट व्हतो. गफूरचाचा माझा गनर. ह्ये बघा, ह्यो इमानाचा रंग, ओला हाय अजून."

कडुनिंबाखाली हशा पिकला. "बाबा, शीरखुर्मा जास्त झाला का?" कुणीतरी म्हणालं. "हिंगोलीच्या जत्रंत का, बाबा? फळीच्या इमानात?"

"अरे जत्रा न्हाई! खरंखुरं! शरीफाला इचारा!" बाबांची रंगलेली बोटं हवेत नाचत होती आणि हसू वाढतच होतं. "हसता काहून, लेकाहो? खरं सांगून राहिलो मी!"

मुनीर साक्ष द्यायला उठला. आपांनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या आणि शांतपणे स्वतःसाठी दिवसातली पहिली वाटी भरून घेतली. "कसं वाटतं ते कळू दे भीमभाऊला बी."